कुसपालट

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वनस्पतिशास्त्र कोशाच्या संपादक मंडळाने ‘कुसपालट’ हा शब्द नामंजूर केला. मतदान झाले नाही. शब्द मांडणाऱ्यानेच शेवटी मान हलवली आणि समोरचे कार्ड उलटे करून ठेवले.

मांडणारे कोशाचे सहसंपादक होते. इथे येण्याआधी ते शाळेत जीवशास्त्र शिकवत, म्हणून कार्यालयात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शब्द त्यांच्या पत्नीचा होता.

त्याचा अर्थ असा. ऑर्किडच्या बहुतेक जातींत कळी देठावर उलटी धरते. फुलाची सर्वांत रुंद आणि नटलेली पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती कळीत वरच्या अंगाला असते. उमलण्याआधीच्या काही दिवसांत कळीचा देठ सावकाश अर्धा पीळ घेतो, आणि ओठ खाली येतो. कीटकाला उतरायला जागा तयार होते. मगच फूल उघडते. फुलदाणीत आपल्याला जे सरळ दिसते ते असे वळून सरळ झालेले असते. शास्त्रात या क्रियेला रिसुपिनेशन म्हणतात. कोशाच्या पहिल्या आवृत्तीत त्यासाठी ‘प्रतीपवलन’ असा शब्द होता. तो मास्तरांनी घडवला होता. त्यानंतर तो कुणीही उच्चारल्याची नोंद नाही. एका प्रश्नपत्रिकेत एकदा आला, तोही चुकीचा छापून.

नव्या आवृत्तीसाठी कार्यालयाचा एक नियम होता. कोणताही मराठी शब्द आत यायचा तर तो तीन जणांनी आपणहून वापरलेला हवा. तिघे कोशातले नकोत, शब्द सुचवणाऱ्याच्या नात्यातले नकोत, आणि नोंद घेणाऱ्याने त्यांच्या तोंडात शब्द घातलेला नको. वस्तू दाखवायची, काय दिसते ते विचारायचे आणि गप्प बसायचे. कार्यालयात याला तीन तोंडांचा नियम म्हणत. ‘प्रतीपवलन’सारखे बिनवापराचे शब्द पुन्हा शिरू नयेत म्हणून तो मास्तरांनीच लिहून काढला होता, आणि त्या नियमाने त्यांनी इतरांचे बरेच शब्द बाहेर काढले होते.

‘कुसपालट’ला दोन तोंडे मिळाली होती. एक वनस्पती उद्यानातल्या काचघराच्या सध्याच्या प्रमुख, दुसरे ऑर्किड पाळणारे एक दंतवैद्य. तिसरे म्हणून मास्तरांनी आपल्या मुलीचे कार्ड ठेवले होते.

“मुलगी चालत नाही,” संपादकबाई म्हणाल्या. “तुम्हीच लिहिलंय.”

“माहीत आहे मला.”

“मग आणलं कशाला?”

“तुम्ही नाही म्हणता का ते बघायला.”

टेबलाच्या टोकाला बसलेल्या मुद्रितशोधकांनी चष्मा कपाळावर चढवला. “मास्तर, माझा ‘काटेपण’ याच नियमानं गेला. बायको रोज वापरते म्हटलं तर तुम्ही काय म्हणालात? बायको म्हणजे दुसरं तोंड नव्हे, पहिल्याचाच प्रतिध्वनी आहे.”

“म्हणालो होतो.”

“घरी सांगितलं मी तिला. अजून तुम्हाला चहाला बोलावत नाही ती.”

कुणी हसले, कुणी हसले नाही. बैठक पुढच्या शब्दावर गेली.

‘क’चा फर्मा, म्हणजे एकत्र छापायची पाने, शुक्रवारी संध्याकाळी पाचला छापखान्यात जाणार होता. त्यानंतर ‘कु’ने सुरू होणाऱ्या शब्दांना पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागणार होते, आणि पुढची आवृत्ती निघेल असे कार्यालयात कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हते. मास्तरांना तेवढी वाट पाहणे शक्य नव्हते. छापलेले पान पत्नीच्या डोळ्यांसमोर धरायचे, एवढेच त्यांच्या मनात होते.

बैठक संपल्यावर संपादकबाई मागे थांबल्या. “घरी बाई कशा आहेत?”

“मागच्या महिन्यात पक्षाघाताचा दुसरा झटका येऊन गेला.”

“बोलतात?”

“‘ते’ म्हणते.”

“ते म्हणजे?”

“सगळंच. पाणी हवं तरी ते, दिवा नको तरी ते. मी आलो तरी ते.”

संपादकबाईंनी खिडकी लावून घेतली. “शुक्रवारी पाचपर्यंत मी पान धरून ठेवते. तोंड मात्र खरं आणा.”

मास्तरांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. बाहेरच्या खोलीत आजारी माणसाचा उंच लोखंडी पलंग आल्यापासून जेवणाचे टेबल स्वयंपाकघरात गेले होते आणि पुस्तकांचे कपाट जिन्यात. पलंगाची एक बाजू भिंतीला समांतर, दुसरी खिडकीकडे. खिडकीच्या कठड्यावर पांढऱ्या ऑर्किडची एक कुंडी होती. काचघरातल्या लोकांनी ती दुसऱ्या झटक्यानंतर आणून दिली होती. एकच लांब दांडा, वाकलेला, त्यावर कळ्या. बुंध्याकडच्या मोठ्या, टोकाकडे लहान होत गेलेल्या.

कुंडी जागची हलवायची नाही, असे आणणाऱ्यांनी बजावले होते. कळ्या असताना कुंडी फिरवली तर त्यांचा हिशेब चुकतो. त्या पुन्हा नव्याने वळू पाहतात, आणि फुले वेडीवाकडी उघडतात. ही शिस्त मुळात मास्तरांच्या पत्नीनेच त्यांना लावली होती. निवृत्त होईपर्यंत काचघर तिच्या ताब्यात होते. त्यामुळे फूल तिच्याजवळ नेता येत नव्हते, तिलाच फुलाकडे वळवावे लागे. डाव्या कुशीवर असली की खिडकी दिसे, उजव्या कुशीवर असली की भिंत.

वळवण्याचे काम दिवसा मावशी करत. मावशी म्हणजे रुग्णाला सांभाळणारी बाई. सकाळी येत, संध्याकाळी मुलांची शिकवणी सुटायच्या वेळेला जात. त्या या कामाला ‘पोझिशन देणे’ म्हणत. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पाठीमागे उशी सरकवायची, गुडघ्यांत दुसरी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने हे करावेच लागे.

“काका, जरा धरता का? काकू आज जड झाल्यात.”

“जड नाही झाली. रुसलीय.”

“तुमच्यावर?”

“अजून कुणावर रुसेल ती?”

काकूंनी डोळे मिटले, उघडले. “ते,” त्या म्हणाल्या.

“बघा, कबूल केलं,” मावशी म्हणाल्या.

काचघरात काम करताना मास्तरांच्या पत्नीला हा शब्द सुचला होता. सुचला असेही म्हणता येत नाही. सकाळी दार उघडून आत गेल्यावर ती रांगेने कळ्या बघत जाई आणि मागून येणाऱ्याला विचारी, “आज कुणी कुणी कूस पालटली?” हाताखालच्या लोकांनी त्याचा ‘कुसपालट’ करून टाकला. या कुंडीची कुसपालट झालीय, त्या कुंडीची अर्ध्यावर आहे. ‘प्रतीपवलन’ नुकताच छापून आला होता तेव्हा एका संध्याकाळी ती मास्तरांना म्हणाली होती, “तुझा शब्द बरोबर आहे. पण त्यात झोप नाहीये.”

मास्तरांनी त्यावर तेव्हा हसून विषय बदलला होता. पुढे कार्ड लिहायला बसले तेव्हा तिचे म्हणणे त्यांना नेमके वाटले. कळी ‘वळते’ म्हटले तर ती कुठेतरी जाते असे वाटते. ‘फिरते’ म्हटले तर थांबायचे नाव नाही. ‘उलटते’ म्हटले तर काही बिघडले आहे. कूस पालटणारे माणूस जागचे हलत नाही, जागे होत नाही, त्याला कुणी वळवलेले नसते आणि एकदा वळले की ते तिथे राहते. कार्डावर त्यांनी यातले काही लिहिले नाही. व्याख्या दोन ओळींत बसवली, आणि वापराची जागा मोकळी ठेवली.

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि तिसरे तोंड शोधायला निघाले.

पहिल्यांदा ते मोठ्या रस्त्यावरच्या फुलांच्या दुकानात गेले. काचेमागे जांभळ्या ऑर्किडचे दांडे बादलीत उभे होते. एका दांड्यावरची कळी निम्मी वळलेली होती. मास्तरांनी तिच्याकडे बोट दाखवले.

“हिला काय झालंय?”

दुकानदार पुढे झाला, वाकून बघितले. “मान मुरगळलीय. ती नका घेऊ, चांगली काढून देतो.”

“नाही, हीच बघतोय. काय करतेय ती?”

“काही करत नाही, काका. फूल आहे ते.”

मास्तरांनी नियमाप्रमाणे गप्प राहून पाहिले. दुकानदारही गप्प राहिला. शेवटी त्याने विचारले, “घरात कुणी आजारी आहे का?” आणि दांडा कागदात गुंडाळून फुकट देऊ केला. मास्तरांनी तो घेतला नाही.

तिथून ते महाविद्यालयात गेले. वनस्पतिशास्त्राच्या विभागात त्यांचा एक जुना विद्यार्थी शिकवत होता. त्याने चित्र बघताच उत्तर दिले. “रिसुपिनेशन. दोन गुणांना येतं, सर.”

“मराठीत मुलांना कसं सांगतोस?”

“रिसुपिनेशनच सांगतो.”

“आणि एखाद्याला कळलं नाही तर?”

“तर हात असा करून दाखवतो.” त्याने तळहात पालथा होता तो उताणा केला. “कळतं लगेच. शब्दाची गरजच पडत नाही.”

दुपारी दंतवैद्यांचा फोन आला. त्यांच्या हौशी मंडळातल्या एका निवृत्त वैमानिकाला विचारून बघा, असे त्यांनी सुचवले होते, आणि आता उत्तरही तेच सांगत होते. “मीच विचारलं. तो म्हणाला, कळी फिरकी घेते. चालेल का?”

“नाही चालणार.”

“छान आहे हो पण. फिरकी घेते. मला तर तुमच्यापेक्षा आवडला.”

“मग त्याचं कार्ड करा. अजून दोन तोंडं लागतील.”

“तुम्ही फार कडक आहात, मास्तर. माझ्या खुर्चीत बसता तेव्हा बरे मऊ असता.”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी राहत होती, दर आठवड्याला येऊन जात होती. मास्तर पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून बोलले. मावशी काकूंचे केस विंचरत होत्या.

“मिळालं का तोंड?” मुलीने विचारले.

“नाही.”

“बाबा, एखाद्याला शब्द सांगा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

“आईला काय फरक पडणार आहे, कुणी कसं म्हटलं त्यानं?”

“तिला नाही पडणार.”

“मग?”

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मुलगी म्हणाली, “फोन आईच्या कानाला लावा.” तिने काय सांगितले ते बाहेर ऐकू आले नाही. काकू म्हणाल्या, “ते. ते.”

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मावशी ओल्या फडक्याने खिडकीचा कठडा पुसत होत्या. कुंडी न हलवता तिच्याभोवतीने फडके फिरवणे त्यांना जमू लागले होते. मास्तर कार्यालयात निघण्यासाठी बूट घालत होते.

“काका, या खालच्या कळीनं कूस पालटली बघा,” मावशी म्हणाल्या.

मास्तर एक बूट घालून उभे राहिले. कळीकडे गेले. खरेच होते. आदल्या दिवशी आडवा दिसणारा फुगीर भाग खाली आला होता. देठावरचा पीळ बोटाला लागत होता.

पुढचा प्रश्न कसा विचारायचा ते त्यांनी मनात दोनदा जुळवले. “मावशी, असं कोण म्हणतं?”

“असं म्हणजे कसं?”

“आत्ता तुम्ही कळीबद्दल जे म्हणालात ते.”

“काकू म्हणाल्या होत्या ना.”

मास्तरांनी पलंगाकडे पाहिले. काकू भिंतीकडे तोंड करून होत्या. त्यांची पाठ आणि मागची उशी एवढेच दिसत होते.

“काकू म्हणाल्या?”

“हो. मागच्या आठवड्यात. तुम्ही ऑफिसात होता. दुपारची पोझिशन दिली, खिडकीकडे तोंड केलं. बघत होत्या फुलाकडे. आणि म्हणाल्या, कूस पालटली. मी म्हटलं, हो काकू, आत्ताच तर पालटली तुमची. तर डोळ्यांनी असं केलं, म्हणजे मी नाही, ती. कळी.”

“तेव्हा या कळ्या वळल्या नव्हत्या.”

“वरची एक बारीक कळी गळून पडली ना नंतर? ती होती. नाहीतर दुसरी असेल. मला काय समजतंय त्यातलं?”

“स्पष्ट म्हणाली?”

“तुम्ही आम्ही म्हणतो तसं नाही. पण कळलं मला.”

“मग मला का नाही सांगितलं?”

मावशींनी फडके पिळले. “मला वाटलं, तुमच्याशी बोलतच असतील.”

मास्तर खुर्चीवर बसले. त्या दिवशी ते कार्यालयात उशिरा पोहोचले.

नियमाच्या दृष्टीने अडचण नव्हती; नामाऐवजी ‘कूस पालटली’ असे क्रियापद आले तरी ते चाले. शब्द घडवणाऱ्याकडूनच तो ऐकून कुणी वापरला तर ते तोंड धरले जाई, कारण शब्द तसेच पसरतात. फक्त नोंद घेणाऱ्याने तो पुरवलेला नको. मावशी कोशातल्या नव्हत्या, नात्यातल्या नव्हत्या, आणि त्यांनी विचारण्याआधीच आपणहून वाक्य उच्चारले होते. अगदी हवे तसे तोंड होते.

पण बुधवारी संध्याकाळी मास्तर त्यांच्यासमोर मुलीशी फोनवर बोलले होते. त्याआधी मंगळवारी संध्याकाळी चहाची भांडी ठेवताना त्यांनी स्वतःच मावशींना सगळी हकीकत सांगितली होती, कारण सांगायला दुसरे कुणी नव्हते. तेव्हा शब्द उच्चारला होता की नुसते ‘आमचा एक शब्द’ म्हटले होते, हे त्यांना आठवेना. कोणाच्या तोंडून काय आले हे वर्षानुवर्षे टिपून ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातले दोन दिवसांपूर्वीचे वाक्य आठवत नव्हते.

मावशींनी खोटे सांगितले असेल तर ते कशासाठी, हे उघड होते. त्या भल्या बाई होत्या. आणि खरे असेल, तर पत्नी बोलली होती. वाक्य बोलली होती, आणि ते ऐकायला मास्तर घरात नव्हते. ते त्या वेळी बहुधा ‘कु’ची मुद्रिते तपासत होते.

दुपारी त्यांनी काकूंना बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञबाईंना फोन लावला. त्या आठवड्यातून दोनदा चित्रे घेऊन येत. कप, किल्ली, चप्पल.

“होऊ शकतं,” त्या म्हणाल्या. “फार मुरलेलं वाक्य कधीतरी एकदम बाहेर येतं. गाणं येतं, शिवी येते. तुमच्याकडे शिवी आली का?”

“नाही.”

“तीही चांगलीच खूण असते. पण ते पुन्हा येईल असं नाही. आणि खरंच आलं होतं का, हे मी इथून कसं सांगू?”

“तुमच्या अंदाजानं?”

“अंदाजानं मी कुणाला आशा लावत नाही.”

शुक्रवारी सकाळी मास्तर संपादकबाईंच्या खोलीत गेले आणि घडले ते सगळे सांगितले. आपल्याला काय आठवत नाही तेही सांगितले. संपादकबाईंनी मध्ये तोंड घातले नाही. मुद्रितशोधक कागद घ्यायला म्हणून आले होते, ते दारातच राहिले.

“मावशींचं कार्ड करा,” संपादकबाई म्हणाल्या. “कुणाकडून ऐकला, तर काकूंकडून. खाली तुमची सही. संपलं.”

“सही म्हणजे मी तो पुरवलेला नाही असं मी लिहून देणार.”

“पुरवलाय का?”

“माहीत नाही.”

“मग पुरवला नसेल.”

“बाई, दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी काय केलं असतं?”

“हाकलून दिलं असतं,” दारातून मुद्रितशोधक म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण मास्तर, मी डोळे मिटून घेतो. माझी हरकत नाही. ‘काटेपण’ची शपथ.”

“मी सही करते तुमच्याऐवजी,” संपादकबाई म्हणाल्या. “माझा विश्वास बसलाय.”

“तुमचा का बसला?”

“मला बसवायचा आहे म्हणून.”

“तेच म्हणतो मी,” मास्तर म्हणाले.

त्यांनी एक मार्ग सुचवला. काकूंनी त्यांच्यासमोर, कुणी न सुचवता, कळीकडे बघून तो शब्द पुन्हा उच्चारला, तर मावशींचे म्हणणे खरे धरता येईल. मग ते सही करतील. संपादकबाई घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, छापखान्याला सांगून ‘कुश’ आणि ‘कुसुम’च्या मध्ये चार ओळींची जागा राखते. फर्मा आज जाईल, पण यंत्र सोमवारी नऊला चालू होते. तोपर्यंत फोन आला तर ओळी भरू, नाहीतर वरचा मजकूर थोडा सैल करून जागा बुजवू.

शुक्रवारी दुपारपासून मास्तर घरी होते. खिडकीकडची पोझिशन दिली की ते खुर्ची ओढून कठड्याशेजारी बसत आणि कळीकडे बोट दाखवून विचारत, “काय झालं हिला?” एवढेच. ‘वळली का’ असेही विचारत नसत, कारण त्यातही अर्धे उत्तर आहे. काकू कळीकडे बघत. बोटाकडे बघत. मग मास्तरांकडे.

“ते,” त्या म्हणत.

“हो, ते. पण ते काय?”

“ते.”

थोडा वेळ सोडून ते पुन्हा विचारत. शुक्रवारी संध्याकाळी एकदा काकूंचे ओठ जुळले आणि काही येणार असे वाटले. मास्तर पुढे वाकले. श्वास आला. शब्द आला नाही.

शनिवारी सकाळी खालचे फूल उघडले, ओठ खाली, नीट सरळ. त्याच्या वरची कळी आडवी झाली होती. मास्तरांनी आता तिच्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली. मावशी स्वयंपाकघरात पेज शिजवत होत्या. नळ बंद होता, भांड्याचाही आवाज नव्हता. त्या ऐकत होत्या हे मास्तरांना कळत होते.

“हिला काय झालं?”

काकूंनी डावा हात उचलला. बोट कळीकडे नेले, मध्येच सोडले. चेहरा आक्रसला. मग त्या रडू लागल्या. आवाज न करता, तोंड उघडे ठेवून, आणि पाणी नाकावरून उशीवर गेले, कारण त्या कुशीवर होत्या.

मावशी आल्या, त्यांनी पदराने तोंड पुसले आणि मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, “किती परीक्षा घ्यायची माणसाची?”

“मी नुसतं विचारतोय.”

“त्यांना कळतंय तुम्हाला काय पाहिजे ते. कळत नाही असं वाटतंय का तुम्हाला?”

मास्तर उठून उभे राहिले.

“मी खोटं बोलले असं वाटतंय ना तुम्हाला?” मावशी म्हणाल्या. “वाटू दे. पण माझा राग यांच्यावर कशाला काढता?”

“राग नाही हो.”

“मग हे काय आहे?”

त्यांनी उशी बदलली, आणि वेळ झाली नव्हती तरी काकूंना भिंतीकडे वळवले.

दुपारी मुलगी आली. मावशींनी तिला जिन्यात गाठून काय सांगायचे ते सांगितले असावे, कारण ती वर आल्यावर शब्दाबद्दल काही बोलली नाही. आईजवळ बसली, नखे कापली, शेजारच्या बाईंच्या नव्या दातांची नक्कल करून दाखवली. काकू ओठाच्या डाव्या कोपऱ्याने हसल्या. मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कार्ड पुढे घेऊन बसले होते. त्यावर मावशींचे वाक्य लिहून झाले होते. तारीख घातलेली होती. खाली सहीची रेघ होती.

“बाबा, चहा?” मुलीने आत येऊन विचारले.

“तुझी आई कधी तुझ्याशी काही बोलली का? म्हणजे, मी नसताना?”

मुलीने गॅस लावला. “मी आले की तुम्ही असताच.”

“ते खरं आहे.”

“तुम्हाला काय हवंय, बाबा? शब्द छापला जावा हे, की ती बोलली असावी हे?”

मास्तरांनी कार्ड टेबलावर सरळ केले. “बोलली असेल तर मी नव्हतो,” ते म्हणाले. “आणि नसेल बोलली, तर...” मुलीने साखर विचारली नाही, आपल्या मनाने घातली.

रविवारी सकाळी मुलगी परत गेली. मावशींची सुट्टी होती, तरी त्या दुपारी येऊन पोझिशन देऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “काका, मी सांगितलं ते सांगितलं. तुम्ही काय लिहाल ते तुमचं.”

रविवारी संध्याकाळी सहा वाजता संपादकबाईंनी घरी फोन केला. छापखान्यात चार ओळी अजून मोकळ्या होत्या. मास्तरांनी सांगितले की कार्डावर सही केलेली नाही आणि कार्ड फाडलेलेही नाही. सकाळी आठला पुन्हा फोन करते, असे त्या म्हणाल्या. ठेवण्याआधी त्यांनी विचारले, “त्या काही बोलल्या का?”

“मी आज विचारलं नाही,” मास्तर म्हणाले.

तेव्हा काकू खिडकीकडे तोंड करून जाग्या होत्या, आणि मास्तरांची खुर्ची आता कठड्याशेजारी नव्हती, पलंगाला लागून होती.